उलटा बसवलेला दरवाजा

१७ नोव्हेंबर १९८४. मृत सात.

शहराच्या पूर्व दरवाज्याचा इतिहास त्या तारखेपर्यंत रक्तहीन होता. तटबंदी बांधून झाली, तेव्हा शत्रू दुसऱ्याच बाजूने येऊन, खंडणी घेऊन, परतलाही होता. तरीही पूर्वेला सागवानी दरवाजा बसला, हत्तींना अडवण्यासाठी त्याच्या बाहेरच्या अंगाला वीतभर लांबीचे लोखंडी खिळे ठोकले गेले, आणि पुढे कित्येक पिढ्या तिकडे एकही हत्ती फिरकला नाही. राजे गेले, नगरपालिका आली. मोटारींसाठी थोड्या अंतरावर तट फोडून रस्ताही काढला गेला. दिवेलागणीला दरवाजा बंद करण्याची प्रथा मात्र टिकली, कारण ती मोडण्याचा हुकूम काढणे कोणाच्याच अखत्यारीत बसत नव्हते.

हे काम ज्याच्याकडे होते त्याला सगळी गल्ली ‘किल्लेदार’ म्हणे. नगरपालिकेच्या लेखी तो चतुर्थ श्रेणीचा पहारेकरी. दरवाज्याच्या आतल्या बाजूला, तटाच्या जाडीतच काढलेल्या खोलीत तो एकटा राही आणि जेवायला थोरल्या भावाकडे जाई. दादाचे गाद्यांचे दुकान दरवाज्याला लागून होते. दुकानाच्या माळ्यावर नवराबायकोचा संसार. गाद्या वहिनी शिवायची. तिच्या जिभेला दाभणाहून अधिक टोक होते.

पुढे शहराचे वैभव जतन करण्यासाठी एक समिती नेमली गेली. प्रवाशांच्या बसगाड्या आतल्या चौकात थांबत. बाहेर नाला आणि उकिरडा. लोक खिळे बघायला येत आणि त्यांना दिसायची दरवाज्याची पाठ. ‘शहराचा चेहरा शहराकडेच हवा,’ असे अध्यक्षांनी ठरावात लिहिले. वाक्य इतके सुंदर होते की त्यावर चर्चा करणे कोणाला सभ्यपणाचे वाटले नाही. दरवाजा उतरवून, फिरवून, पुन्हा बसवण्यात आला. खिळे आत आले. आतला अडसर, म्हणजे दार बंद ठेवणारे ते आडवे लाकूड, बाहेर गेला. दरवाज्यातल्या छोट्या दिंडीदाराची कडीही बाहेर गेली. खोली तेवढी आतच राहिली, कारण ती दगडाची होती.

तेव्हापासून किल्लेदार रोज संध्याकाळी शहराबाहेर जाई, दार लोटून घेई, अडसर घाली, आणि उकिरडा तुडवत, तटाला वळसा घालून, मोटाररस्त्याने स्वतःच्या घरी येई.

“भावजी, शत्रू आता आत राहायला आला वाटतं?” वहिनीने पहिल्याच दिवशी विचारले.

“तुमच्यासाठीच खास सोय आहे ही, वहिनी.”

“मग खिळे पक्के ठोकलेत ना ते बघा. माझी एखादी गादी फाटली, तर अख्ख्या समितीला टाके घालायला बसवीन.”

किल्लेदार हसला. खरे तर त्याला हा बदल मानवला होता. प्रवासी त्याला खिळ्यांपुढे उभे करून फोटो काढत. तो मिशीला तेल लावू लागला होता. वळसा पडतो हे कळत होते, पण कौतुकाच्या मानाने तो त्याला परवडत होता.

यातूनच दीर-भावजयीचा एक खेळ रुळला. अडसर पडल्याचा आवाज आला की वहिनी गादी बडवायची काठी घेऊन आतून दार ठोकायची आणि ओरडायची, “उघडा हो किल्लेदार, आम्ही शरण आलोय!” जाड सागातून शब्द पुसट येत, ठोके स्पष्ट. तो बाहेरून उत्तर देई, “शरण आलेल्यांना सकाळी घेऊ!” आणि वाटेला लागे.

सतरा तारखेला दादा गाद्या पोचवायला गावात गेला होता. अडसर पडला त्याच सुमारास गल्लीच्या दुसऱ्या तोंडाशी कापसाच्या गोदामाने पेट घेतला. ते तोंड आगीने बंद झाले, आणि दुसरी वाट म्हणजे दरवाजाच. लोक दरवाज्याकडे धावले. किल्लेदार चार पावले गेला असेल, तोच मागे ठोके सुरू झाले. एक नव्हे, अनेक. त्याला वाटले, वहिनीने आज सगळी गल्लीच खेळायला जमवली आहे. त्याला मोठे बरे वाटले. “सकाळी घेऊ, सकाळी!” तो नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडला आणि हसत पुढे निघाला. वळणावर तटावरून उठलेला धूर दिसला, तेव्हा तो मागे पळाला. अडसर काढला. दाराने इतिहासात पहिल्यांदाच कोणाला तरी अडवले होते, आणि ती त्याचीच माणसे होती. सर्वांत पुढे वहिनी होती.

चौकशी झाली.

“घटनेच्या वेळी तुम्ही कुठे होता?”

“घरी निघालो होतो, साहेब.”

“म्हणजे कामाची जागा सोडून?”

“काम बाहेर, घर आत. मधे दरवाजा, आणि तो मीच लावलेला.”

सभागृहात हशा पिकला. समितीचे म्हणणे साधे होते. माणसे दारापर्यंत पोचली तेव्हा धुराने जवळपास गेलेलीच होती. अडसर कुठल्या बाजूला होता याला महत्त्व नाही. वाचलेल्यांनी सांगितले की आम्ही खूप वेळ दार ठोकत होतो. घाबरलेल्या माणसांना काहीही आठवते, असा शेरा पडला. शांत डोक्याचा साक्षीदार एकच होता.

“तुम्हाला ठोकल्याचा आवाज आला?”

समोर दादा बसला होता. तो टक लावून भावाकडे पाहत होता.

“नाही,” किल्लेदार म्हणाला.

निष्कर्ष निघाला की दरवाजा मूळ स्थितीतच आहे. तसे असेल तर अडसर पूर्वापार बाहेर, आणि तो घालणाऱ्या पहारेकऱ्याची जागाही बाहेर ठरते. सबब आतली खोली हे अतिक्रमण. किल्लेदार बेघर झाला. दादाने त्याला माळ्यावर आणले.

“ती रोज ठोकायची ना रे?” पहिल्या रात्री ताट वाढताना दादाने विचारले. “त्या दिवशी नाही ठोकलं?”

“मी लांब गेलो होतो, दादा.”

“मग तुझा काय दोष? जेव.”

दादा पुढे अनेक वर्षे समितीचे दार झिजवत राहिला. त्याला भरपाई नको होती. ‘दरवाजा आम्ही उलटा बसवला आणि म्हणून माणसे मेली’ एवढेच कोणीतरी म्हणायला हवे होते. दर वेळी तेच उत्तर मिळे. तुमच्या भावानेच सांगितलंय की आवाज आला नाही. ठोके पडले हे एकदा सिद्ध झाले असते तर माणसे दाराशी जिवंत पोचली होती हेही सिद्ध झाले असते. किल्लेदाराला हे दादाइतकेच समजत होते. ‘आवाज आला’ एवढे वाक्य बोलले की दादा जिंकणार होता. आणि लगोलग विचारणार होता, मग तू काय केलंस?

शेवटच्या सुनावणीला दोघे बरोबर गेले. दादाला जिना चढवेना. किल्लेदाराने त्याला धरून वर नेले. प्रश्न पुन्हा तोच आला. किल्लेदाराने पाण्याचा पेला रिकामा केला, दादाकडे पाहिले, आणि नाही म्हणाला.

“चल,” बाहेर आल्यावर दादा त्याच्या खांद्याचा आधार घेत म्हणाला, “तू तरी खोटं बोलला नाहीस. बाकी सगळे विकले गेलेत.”

परतताना ते पूर्व दरवाज्यातून आले. आता तो कायमचा उघडा असतो. सताड उघडून बाहेरच्या तटाला टेकवल्यामुळे खिळे पुन्हा बाहेर वळले आहेत, बांधणाऱ्याला हवे होते तसे.

समितीने सात घरांना अजून ते एक वाक्य दिलेले नाही. किल्लेदाराने त्याचे दादाला दिलेले नाही.