बाप्पाच्या पुढे चालताना

देवाकडे कोणी काय मागतं, कोणी काय. मी मागितलं होतं की माझ्या जावेला एकदाची खाली बसव. कोणाला हसू आलं तर हसा, पण खरं ते खरं.

हमरापूरजवळ आमचा गणपतीचा कारखाना आहे. त्या वर्षी घरात आम्ही दोघी एकदमच गरोदर होतो, मी आणि माझी धाकटी जाऊ सुजाता. माझं आधीचं बाळ पोटातच गेलं होतं, म्हणून या खेपेला सासूबाई मला जागचं हलू देत नव्हत्या. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात यायचा. कारखान्याच्या कोपऱ्यात पाटावर बसून मी बाप्पाचे उंदीर रंगवायचे आणि सासूबाई देतील ते डिंकाचे लाडू खायचे. सुजाता मात्र दिवसभर उठत, वाकत, झाडलोट करत, रंगाच्या वाट्या पोचवत फिरायची. सातवा महिना लागला तरी मागून पाहिलं तर कळायचं नाही. कारखान्यात येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "काय शिडशिडीत र्‍हायलीय गो ही!" आणि मग माझ्याकडे नजर गेली की गप्प व्हायची. तिच्या त्या गप्प होण्याने माझा नुसता तिळपापड व्हायचा.

पेणला तपासणीला आम्ही दोघीच एसटीने जायचो, कारण माझे यजमान रोह्याला कंपनीत आणि त्यांची शिफ्ट कधी जुळायची नाही. मी वजनकाट्यावर चढले की डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी. म्हणाल्या, "वजन भराभर वाढतंय, बीपीही वर सरकतंय. तुम्हाला आता चालायला काही हरकत नाही. रोज चाला, नाहीतर तुम्हाला आणि बाळाला, दोघांनाही जड जाईल." सुजाताला मात्र आत नेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं, बाहेर येताना तिच्या पाठीवर हात होता. मला वाटलं, झालं, इथेही हिचंच कौतुक! परतीच्या गाडीत मी मुद्दाम वेगळ्या सीटवर बसले. घरी चालायचं नाव काढलं तर सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरला काय जातंय बोलायला? एकदा भोगलंय ना आपण? नाय चालायचं." त्यांचे डोळे भरले होते, त्यामुळे मला उलट बोलवेना. पण मनात धास्ती बसली. एक बाळ गेलं, आता हे बसून बसून गमवायचं की काय?

आमच्यात कारखान्यातल्या मूर्तीला कोणी हात जोडत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी पूजा होईपर्यंत तो माल. त्या दुपारी मात्र समोरच्या फळीवरच्या एका मूर्तीशी मी भांडायलाच लागले. तिच्या डोळ्यांची आखणी अजून व्हायची होती. म्हटलं, "तुझं पोट सुटलं तर लोक पाया पडतात, माझं सुटलं तर तोंड फिरवतात. मला उठव रे! आणि त्या भवानीला बसव!"

पुढे श्रावण निम्मा सरल्यावर रोह्याकडची एक बाई एकटीच गणपती न्यायला आली. तिने नेमकी तीच मूर्ती पसंत केली. एव्हाना सासऱ्यांनी मूर्तीचे डोळे आखले होते. त्यांनी मूर्तीच्या तोंडावर रुमाल घातला, बाईने ती उचलली आणि म्हणाली, "आमच्यात बाप्पाला असाच नेत नाय. एष्टीपर्यंत पुढं कोनतरी घंटा वाजवत चाललं पायजे." सासूबाईंनी सुजाताला हाक मारली. ती उठली, भिंतीला धरलं आणि मटकन खाली बसली. मी घाबरून उभी राहिले. तिला पाणी दिलं, वारा घातला. ती सावरली तशी ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ही येल की. पोटुशी पुढं चालली तर बाप्पालाच बरं वाटंल."

बाप्पाला नाही कोण म्हणणार? सासूबाईंनी निमूटपणे माझ्या हातात घंटा दिली.

दोन्हीकडे भातशेती, मधून मी घंटा वाजवत चालले होते. आधी धाप लागली, मग श्वास लयीत आला. पोटात बाळाने जोराची लाथ मारली आणि मला रडूच आलं. गाडी आली तेव्हा बाई एवढंच म्हणाली, "बसून नको र्‍हाऊस गो."

परत आले तर माझ्या जागी सुजाता आडवी झालेली, हातात माझाच लाडू. मला बघून ती स्फुंदू लागली. "ताई, डॉक्टर बोलल्या माझं वजनच वाढत नाय, बाळ बारीक हाय, जरा बसत जा. पण कामाच्या दिवसांत सांगू कुनाला? तुम्ही बसलेल्या दिसायच्या ना, इतका राग यायचा तुमचा!" अगं बाई! मी हिच्यावर जळत होते आणि ही माझ्यावर!

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्या दिवसापासून कारखान्यातून निघणाऱ्या बाप्पांपुढे मी चालू लागले आणि सुजाता माझ्या पाटावर बसून उंदीर रंगवू लागली. वाईट रंगवायची, पण खायची छान. पुढच्या तपासण्यांना डॉक्टरबाईंची आठी हळूहळू गेली. दोघींचीही बाळं सुखरूप झाली. ती बाई पुन्हा कधी आली नाही आणि कोण होती ते मी कोणाला विचारत बसले नाही.

माझी मुलगी आता अंगणभर पळते. तिच्या मागे धावताना कधी कधी ती दुपार आठवते. बाप्पाला तेव्हा डोळेही नव्हते, तरी आम्हा दोघींना काय हवं ते त्याला दिसलं. मला मात्र सुजाताची कंबर तेवढी दिसत होती. आता मी देवाला अमुक दे, तमक्याला बसव असं सांगत नाही. हात जोडते, त्याचं त्याला ठरवू देते. एवढं सगळं झालं तरी सुजाता अजून तश्शी शिडशिडीत आहे, आणि ते बघून माझं अजून जळतं. तेही त्याच्याच पायाशी ठेवते.