रिकाम्या गाडीला वाकून नमस्कार

कुमादानी रेल्वे बचाव संघटनेचा मी शेवटपर्यंत अध्यक्ष होतो. धंदा म्हणाल तर गावातलं एकमेव मोटार गॅरेज माझं. ज्या ज्या घरापुढे मोटार उभी आहे ती मीच विकलेली आणि मीच दुरुस्त केलेली. म्हणजे रेल्वेचे प्रवासी एकेक करून पळवायचे आणि मग डोक्याला घोषणेची पट्टी बांधून ‘रेल्वे वाचवा’ म्हणून ओरडायचं, ही दोन्ही कामं गावाने एकाच माणसावर सोपवली होती. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

अध्यक्ष मी कसा झालो तेही सांगतो. गावच्या सभागृहात बैठक होती. अध्यक्ष कोण होणार, असा प्रश्न निघाला आणि सगळे आपापल्या चहाच्या पेल्यात बघत बसले. आमच्याकडे ‘मी होतो’ म्हणणं आगाऊपणाचं आणि ‘मी नाही’ म्हणणं उद्धटपणाचं, त्यामुळे अशी शांतता जेवायच्या वेळेपर्यंत चालू शकते. मला काही ती सोसवेना. गरम पाणी आणतो म्हणून किटली घेऊन मी आत गेलो. परत आलो तर टाळ्या वाजत होत्या.

पण सांगायचं आहे ते माझ्या वहिनींबद्दल. तोयोनो वहिनी, माझ्या थोरल्या भावाची, सेनकिचीदादाची बायको. दादा याच रेल्वेवर ड्रायव्हर होता.

ही रेल्वे म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीचं खूळ. डोंगर फोडून पलीकडच्या समुद्रापर्यंत रूळ न्यायचे, मग कुमादानीचं नशीब उघडणार, असं त्यांनी ठरवलं आणि आपापली भातखाचरं हौसेने देऊन टाकली. रूळ डोंगरापर्यंत आले. बोगदा अर्धा खणून झाला आणि मग वर कुणाचं तरी मन बदललं. त्या अर्ध्या बोगद्यात आता तोफूवाले उएमात्सु अळंबी पिकवतात. तरी गाडी धावत राहिली. आधी कोळसा आणि लाकूड, मग शाळेची पोरं, मग पोरांना निरोप द्यायला आलेले आईबाप, आणि शेवटी एक डबा, त्यात चार म्हाताऱ्या. पुढे पुढे त्या म्हाताऱ्यांचे मुलगेही माझ्याकडून मोटारी घेऊ लागले.

वहिनी याच गाडीने नवरी होऊन आल्या. ड्रायव्हर लोकांना एक शिस्त लावलेली असते. सिग्नल दिसला की त्याच्याकडे हात ताठ करून बोट दाखवायचं आणि जे दिसलं ते मोठ्याने बोलायचं. दादाच्या ते अंगातच भिनलं होतं. फलाटावर पांढऱ्या किमोनोतल्या वहिनी उतरल्या तसं सगळ्या वऱ्हाडादेखत त्याने बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “नवरी, हजर! सगळं ठीक!” वहिनींचे वडील लगेच परतीच्या गाडीची चौकशी करू लागले होते, असं म्हणतात.

घरीही तेच. “गॅस, बंद! दार, बंद!” म्हणत झोपायला जायचा. आणि माझ्याकडे बोट दाखवून रोज सकाळी, “कात्सुजी, उशीर!” शाळेला उशीर, कामाला उशीर, माझ्या स्वतःच्या लग्नालाही उशीर. मी आयुष्यभर उशीर करत आलो आणि तो आयुष्यभर बोट दाखवत आला. त्या बोटाचा मला मनापासून राग यायचा.

पुढे स्टेशनमास्तर काढून टाकले तेव्हा तिकिटाची खिडकी वहिनींकडे आली. स्टेशनला लागूनच त्यांचं तंबाखूचं आणि मांजूचं, म्हणजे गोड पुरण भरलेल्या वाफवलेल्या गोळ्यांचं, दुकान होतं. एका हाताने मांजू आणि दुसऱ्या हाताने तिकीट. मोटार चालवायला त्या शिकल्या नाहीत. मी एकदा शिकवायचा प्रयत्न केला होता. प्रत्येक वळणावर त्या थांबायच्या, बोट रोखायच्या, “डावीकडे, मोकळं! उजवीकडे, मोकळं!” मागे ट्रॅक्टर तुंबले. शेवटी मीच हात जोडले.

“भावोजी, माझं काही अडलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी रेल्वे आहे.”

“आणि रेल्वे बंद पडली तर?”

“मग तुम्ही अध्यक्ष कशाला आहात?”

दादाला पक्षाघात झाला आणि खालच्या मित्सुहारा गावातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. उजवी बाजू ठीक होती, पण बोलणं गेलं. मी भेटायला जायचो तेव्हा तो माझ्याकडे भिंतीकडे पाहावं तसा पाहायचा. मग मी जाणं कमी केलं. गॅरेजमध्ये काम फार, असं सगळ्यांना सांगायचो. वहिनी मात्र रोज दुपारची खिडकी बंद करून गाडीने जायच्या, त्याला जेवू घालायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायच्या.

त्या वर्षी रेल्वे कंपनीने कळवलं की अमुक दिवशी माणसं येऊन डब्यातली डोकी मोजतील आणि त्यावर या मार्गाचं काय करायचं ते ठरवतील. संघटनेत एकच उत्साह! मी परिपत्रक काढलं. सर्वांनी दुपारच्या गाडीने मित्सुहाराला जायचं, तिथे नूडल्स खायच्या, परत यायचं. आणि अध्यक्षाला शोभेल असं काहीतरी जबाबदारीचं हवं म्हणून मी खाली एक ओळ घातली, ‘नेहमीच्या प्रवाशांना आपल्यामुळे गैरसोय होणार नाही याची कृपया काळजी घ्यावी.’

तीच ओळ आम्हाला भोवली.

त्या दिवशी वहिनींच्या खिडकीवर रांग लागली. प्रत्येकाने जाण्यायेण्याचं तिकीट काढलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही तिकीट काढलं. मग मनात आलं, डबा तर एकच. अख्खं गाव चढलं तर बिचाऱ्या म्हाताऱ्यांना उभं राहावं लागेल. तिकीट तर काढलंच आहे, एक आपण नसलो म्हणून काय बिघडतं? मी गुपचूप मागच्या बाजूला गेलो, माझा छोटा ट्रक काढला आणि दरीच्या रस्त्याने मित्सुहाराला निघालो. फार सज्जनपणा केल्यासारखं वाटत होतं.

रूळ ओलांडायच्या फाटकापाशी आलो तर पुढे मोटारींची रांग. सगळ्यात पुढे उएमात्सुंची व्हॅन. त्यामागे पोस्टातून निवृत्त झालेले हिरोसे, मग देवळाचे पुजारी, मग महिला मंडळ. सगळ्यांच्या डोक्याला ‘रेल्वे वाचवा’ची पट्टी. मी काच खाली केली.

“हिरोसेसान! तुम्ही इथे?”

“अहो, गर्दी होईल म्हटलं. इतर लोकांना जागा मिळावी. तुम्ही?”

“मी… मीही तेच.”

मागून महिला मंडळाच्या बाई म्हणाल्या, “तुमच्या त्या परिपत्रकातच होतं ना, गैरसोय करू नका म्हणून!”

तेवढ्यात फाटक पडलं. घंटा वाजू लागली. वळणावरून गाडी आली. एक डबा. त्यात ड्रायव्हर, हातात मोजणीचं यंत्र घेतलेले कंपनीचे दोघे, आणि खिडकीशी बसलेल्या तोयोनो वहिनी. बस्स. त्या चार म्हाताऱ्यासुद्धा नव्हत्या. संघटनेच्या लोकांना जागा व्हावी म्हणून त्या घरी थांबल्या होत्या, हे नंतर कळलं.

वहिनींनी आमच्याकडे पाहिलं. त्या सगळ्या मोटारी, त्या सगळ्या पट्ट्या. अशा वेळी माणसाने काय करायचं असतं? आम्ही खाली उतरलो आणि रांगेत उभे राहून रिकाम्या गाडीला कमरेतून वाकून नमस्कार केला. कंपनीच्या माणसांनीही आतून वाकून नमस्कार केला. ते रिवाजाला पक्के होते.

मान वर केली तेव्हा मला दुसरंच काहीतरी दिसलं. फाटकापलीकडे वळणावरच तो वृद्धाश्रम. दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडी होती आणि त्यात चाकाच्या खुर्चीवर दादा बसला होता. गाडी समोर आली तसा त्याचा उजवा हात उठला, ताठ झाला, बोट रोखलं गेलं.

“सिग्नल हिरवा! पुढे चला!”

तोच खणखणीत आवाज. गाडीतून वहिनींनी हात हलवला. गाडी गेली आणि हात खाली पडला.

मी आश्रमाच्या दारात वहिनींची वाट पाहत उभा राहिलो. त्या स्टेशनवरून चालत आल्या. मला पाहून म्हणाल्या, “या अध्यक्षमहाराज. नूडल्स खाल्ल्या का?”

“वहिनी, दादा बोलतो?”

“तेवढंच बोलतात. गाडी गेली की. बाकी दिवसभर काही नाही.”

“मला कधी सांगितलं नाहीत?”

“तुम्ही येता कुठे?” त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, “गाडी बंद झाली तर तेही जाईल, भावोजी. तेवढंच राहिलंय माझ्याजवळ. मला फार भीती वाटते.”

माझ्या खिशात न वापरलेलं तिकीट होतं.

त्यानंतर मी खूप धडपडलो. अर्ज केले, टोकियोपर्यंत जाऊन आलो. जाताना घाईघाईने मोटारच काढली, हेही कबूल करायला हवं. कंपनीची माणसं अतिशय नम्र होती. मोजणीच्या दिवशी एक प्रवासी होता, एवढंच ती पुन्हा पुन्हा नम्रपणे सांगत राहिली.

रेल्वेच्या शेवटच्या दिवशी मात्र गर्दीला पारावार नव्हता. ओसाकापासून लोक कॅमेरे आणि शिड्या घेऊन आले. जन्मात कुमादानीचं नाव न ऐकलेली माणसं रुळांकडे बघून रडत होती. माझ्या कोटाला मोठं कागदी फूल आणि खिशात भाषण. दुपारची गाडी आली आणि खचाखच भरली. मी चढलो, मान्यवरांच्या जागेवर बसलो आणि खिडकीतून बाहेर पाहिलं तर तोयोनो वहिनी फलाटावरच उभ्या होत्या. शेवटचं तिकीट विकेपर्यंत त्या खिडकीत होत्या. आता दारात मुंगीला शिरायला जागा नव्हती.

“वहिनी, चढा!”

“राहू द्या. पाहुण्यांची गैरसोय नको.”

तो शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. आयुष्यात प्रथमच मी उद्धटपणा केला. “बाजूला व्हा! सरका! तुम्ही सगळे आज आलात, ही बाई रोज जाते!” असं ओरडत मी कोपराने वाट काढली, एका जाड्या माणसाला सरळ खाली ढकललं, स्वतः उतरलो आणि वहिनींना आत लोटलं. दार बंद झालं. फलाटावर मी आणि तो जाडा माणूस उरलो. ते आमचे नगराध्यक्ष होते. गाडी माझं फूल दारात अडकवून घेऊन गेली.

वहिनी पुढे सांगायच्या. त्या मधोमध अडकल्या होत्या, खिडकी दिसतच नव्हती. वळणावर कुणीतरी ओरडलं, “ते बघा, वरच्या खिडकीत एक आजोबा बोट दाखवताहेत!” तशी सगळी गर्दी कॅमेरे घेऊन त्या बाजूला गेली. आणि वहिनी मागून म्हणाल्या, “ते माझे आहेत.” मग लोकांनी त्यांना पुढे जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवसापासून बस सुरू झाली. ती डोंगरामागच्या नव्या रस्त्याने जाते. वळण नाही, खिडकी नाही. दादा दुपारी खिडकीशी बसायचा, हात मांडीवर. वहिनी समोर बसून त्याच्याशी बोलायच्या. तो गप्प.

तेव्हा मी वहिनींना म्हणालो, मी नेतो. आश्रमाच्या खिडकीखालून रुळांना लागून एक अरुंद वाट आहे. रोज गाडीच्या वेळेला मी माझा छोटा पांढरा ट्रक त्या वाटेने न्यायचो, शेजारी वहिनी. खिडकीखाली मी भोंगा वाजवायचो, वहिनी काच खाली करून हात हलवायच्या. वाटेत प्रत्येक वळणावर त्यांचं चालूच असायचं, “डावीकडे, मोकळं! उजवीकडे, मोकळं!” मी जन्मात प्रथमच वेळेवर जात होतो. कामं टाकून, गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन, अगदी गाडीच्या ठोक्याला.

दादा वरून बघायचा. भोंगा वाजवणाऱ्या त्या खुळ्या ट्रककडे. हात काही उठला नाही. भातलावणी झाली, कापणी झाली. वहिनी हात हलवतच राहिल्या, पण परतीच्या वाटेवर त्यांचं वळणांना बोट दाखवणं बंद झालं. मला ते सोसेना. वाटायचं, हा सगळा पोरखेळ आपण आपल्याच समाधानासाठी चालवला आहे, आणि या बाईला रोज नव्याने दुखावतो आहोत.

मग एक दिवस उएमात्सुंची व्हॅन भर रस्त्यात बंद पडली आणि माझा वेळ तिथेच गेला. वहिनी ट्रकमध्ये बसून राहिल्या. आम्ही खिडकीखाली पोचलो तेव्हा गाडीची वेळ कधीच टळून गेली होती. भोंगा वाजवायचीही मला लाज वाटली. ट्रक तसाच पुढे घेत होतो आणि वरून आवाज आला.

“कात्सुजी, उशीर!”

मी करकचून ब्रेक दाबला. वर पाहिलं. हात ताठ, बोट थेट माझ्यावर. चेहऱ्यावर तोच जुना संताप. माझं नाव त्याने किती वर्षांनी घेतलं होतं! मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. शेजारी वहिनी हसत होत्या आणि बाहीने डोळे पुसत होत्या.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “भावोजी, एक विनंती आहे. उद्यापासून रोज असेच उशिरा या.”

तेव्हापासून मी रोज, एकही दिवस न चुकता, उशिरा जातो.