दोन सूत जाड

सूतबाई हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई दोऱ्याची रिळं विकत असणार. पण ज्याने एकदा तरी इंजिन उघडलंय त्याला ठाऊक असतं, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आणि या बाईंचा डोळा सुताला चुकत नसे. पट्टी लावायच्या आधीच त्या सांगायच्या, "हे अर्धं सूत कमी आहे, कुणीतरी घासलंय." पट्टी लावली की तेवढंच भरायचं.

त्यांचं काम जगावेगळं होतं. जुन्या ट्रॅक्टरांच्या दुरुस्तीची हत्यारं ओळखायची, अस्सल की नक्कल ते सांगायचं आणि किंमत लिहून द्यायची. बावीस वर्षं त्यांनी सुट्या भागांच्या दुकानात काउंटर सांभाळला होता. दुकान बंद पडलं तेव्हा जवळ उरलं होतं ते डोक्यातलं ज्ञान. त्याच सुमारास जुने ट्रॅक्टर जमवणारे हौशी लोक वाढले. त्यांना नुसता ट्रॅक्टर पुरेना. त्या काळचा नॉझल तपासायचा हातपंप, पितळी ग्रीसगन, चोचीची तेलाची मापं, सगळंच हवंसं झालं. आणि हौस आली की तिच्या मागोमाग हातसफाई येतेच. कालची वस्तू आम्लात बुचकळून आज साठ वर्षांची म्हणून खपवणारे महाभाग काही कमी नव्हते.

सूतबाई खिडकीशी, जस्ताचा पत्रा ठोकलेल्या टेबलावर वस्तू ठेवायच्या, रॉकेलच्या फडक्याने एक कोपरा पुसायच्या आणि तोंड उघडायच्या आधी बोटांनी चाचपायच्या. "हातात धरायच्या जागी गंज कसा?" त्या विचारायच्या. "तिथे तर साठ वर्षं माणसाचा हात फिरलेला असायला हवा." आणणारा वस्तू परत पिशवीत घालायचा.

एकदा एक गिऱ्हाईक दारातच थबकून म्हणालं, "घरात कुणी पुरुषमाणूस नाही का बघायला?"

"आहे ना," सूतबाई म्हणाल्या. "स्वयंपाक करतोय. पण त्याला हत्यारातलं ओ की ठो कळत नाही."

आतून त्यांचे यजमान, निवृत्त शाळामास्तर, हातात झारा घेऊन बाहेर आले आणि "अगदी खरं आहे," म्हणून परत आत गेले.

तर अशा या बाईंना एके दिवशी गावातल्या मोठ्या शेठनी बोलावणं पाठवलं. शेठचा पैसा बांधकामातला आणि जीव ट्रॅक्टरांत. गावाबाहेरच्या गोदामात त्यांनी चौदा जुने ट्रॅक्टर रंगवून ओळीने उभे केले होते. त्यांच्या संग्रहातलं काही आता लिलावात काढायचं होतं आणि सूतबाईंचा कागद असल्याशिवाय लिलाववाले वस्तू घेत नव्हते.

शेठनी लाकडी पेटी उघडली. आत हिरव्या फलाटीन कापडाच्या खाचांत बसवलेली अकरा हत्यारं. एका नामांकित कंपनीने फक्त स्वतःच्या सर्व्हिस सेंटरसाठी काढलेला संच. कंपनी तो बाहेर कुणाला विकत नसे. सुटं एखादं हत्यार कुठेतरी सापडतं, पण अकराच्या अकरा एका पेटीत म्हणजे दुर्मीळ गोष्ट.

"दहा आधीपासून होती," शेठ अभिमानाने म्हणाले. "अकरावं दोन महिन्यांपूर्वी मिळालं. लायनर पुलर. तुमच्याच भावाने शोधून दिलं."

सूतबाईंचा धाकटा भाऊ सुट्या भागांचा व्यापार करायचा, शेठचा निम्मा माल तोच पुरवायचा. बाईंनी पुलर उचलला. इंजिनाच्या आतली लोखंडी नळी, म्हणजे लायनर, वर ओढून काढायचं ते हत्यार: खाली चकती, मधून आट्यांचा दांडा, वर आडवी पट्टी. पट्टी हातात आली आणि त्यांचा हात जरा खालीच गेला. ती नेहमीपेक्षा जड होती. दोन सूत जाड होती. कारखान्यात ओतलेल्या लोखंडावर राहते ती साच्याची शिवण कडेला कुठेच नव्हती. होते ते कानशीचे ओरखडे, सगळे एकाच बाजूला कललेले, डावखुऱ्या माणसाने मारल्यासारखे.

मग त्यांनी कंपनीचा क्रमांक पाहिला. त्यातला इंग्रजी तीन बघून त्या पेटीशेजारच्या स्टुलावर बसल्या.

तो तीन त्यांच्या ओळखीचा होता. आठ वर्षांच्या असताना वडिलांच्या लोखंडावर आकडे ठोकायच्या ठशांच्या डबीतला तिनाचा ठसा त्यांनीच खेळता खेळता गटारात घालवला होता. वडील रागावले नाहीत. आठाचा ठसा घेतला, एका बाजूने घासला आणि त्याचा तीन केला. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक तिनाची टोकं आत वळलेली, जवळजवळ मिटलेली असत.

वडील रस्त्याकडेचे मिस्त्री, डावखुरे. टपरीवजा वर्कशॉप, वर पत्रा, खाली तेलाने काळी झालेली जमीन. कंपनी हत्यार देत नाही म्हणून कुणाचं काम अडता कामा नये, हा त्यांचा हट्ट. सर्व्हिस सेंटरमधल्या एका ओळखीच्या माणसाकडून सुट्टीच्या दिवसापुरता त्यांनी पुलर मागून आणला, पुठ्ठ्यावर मापं काढली आणि संध्याकाळी परत केला. कंपनीची पट्टी अडकलेल्या लायनरला वाकते हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून मोडक्या ट्रकच्या एक्सलचं पोलाद लोहाराकडून ठोकून घेतलं आणि पट्टी मुद्दाम जाड ठेवली. पण लोक बिननंबरी हत्याराला इंजिनाला हात लावू देईनात. तेव्हा त्यांनी कंपनीचा नंबरही ठोकला. त्या पुलरने त्यांनी तीस वर्षं लायनर काढले. ते गेल्यावर वर्कशॉप आवरलं भावाने.

"काय झालं बाई?" शेठनी विचारलं.

"कागद उद्या देते," त्या म्हणाल्या आणि तिथून तडक भावाकडे गेल्या.

भाऊ दुकानात पट्टे मोजत होता. बहिणीचा चेहरा पाहूनच तो समजला.

"बाबांचा पुलर तू विकलास?"

"विकला. तुझ्या घरात तरी कुठे जागा होती?"

"कंपनीचा म्हणून विकलास."

"मी तसं म्हटलंच नाही, ताई. त्यांनी नंबर पाहिला, खूश झाले. मी गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नाही."

"मग आता मी बोलणं म्हणजे काय?"

भावाने पट्टे खाली ठेवले. "तू 'अस्सल' लिहून टाक. कुणाला कळणार आहे? आणि खरं लिहिलंस तर काय लिहिशील, आपले बाबा नकली माल करायचे? मेलेल्या माणसाचं नाव कशाला घाण करतेस? माझं गिऱ्हाईक जाईल ते वेगळंच."

त्या रात्रीचं जेवण सूतबाईंना गेलं नाही. मास्तरांनी वाढलेलं ताट तसंच राहिलं. भाऊ म्हणाला त्यात एक गोष्ट खरी होती, नंबर खोटा होता. पण राग त्यांना दुसऱ्याच गोष्टीचा येत होता. 'अस्सल' लिहिलं तर वडिलांच्या घामावर कंपनीचं नाव लागणार होतं. 'नकली' लिहिलं तर तो घाम भंगारात जाणार होता. कागदावर तिसरी जागाच नव्हती.

सकाळी त्यांनी कागद लिहिला. पहिली दहा हत्यारं कंपनीची. अकराव्यापुढे लिहिलं: 'कंपनीचा क्रमांक खोटा. घडवणारा रस्त्याकडेचा मिस्त्री, माझे वडील. पट्टी कंपनीपेक्षा दोन सूत जाड, वाकत नाही. कामाला सरस.' आणि किंमत लिहिली कंपनीच्या पुलरच्या दुप्पट.

शेठनी कागद दोनदा वाचला. "बाई, तुम्ही माझा संच मोडलात."

"संच होताच कुठे? दहा होती."

"आणि या भंगाराला दुप्पट?"

"त्यातली कुठली गोष्ट खोटी लिहिलीय ते दाखवा. लगेच खोडते."

शेठनी पुलर खाचेतून उपसून टेबलावर आदळला. "न्या तुमच्या वडिलांची आठवण. लोखंडाच्या वजनाचे पैसे टाका आणि न्या."

कुणीही आनंदाने उचलून नेला असता. सूतबाई जागच्या हलल्या नाहीत.

"वजनावर नाही घेणार. मी लिहिलेल्या किमतीला घेईन. आणि मला पक्की पावती हवी, वस्तूचं वर्णन कागदात आहे तसंच, शब्दाला शब्द."

शेठ हसले. "शहाण्या आहात असं ऐकलं होतं."

"पावती," सूतबाई म्हणाल्या.

घराच्या छताला गळती होती, त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे या सौद्यात गेले. मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "बादल्या आहेत आपल्याकडे."

गावाने त्यांना वेड्यात काढलं. आपल्याच बापाच्या वस्तूला आपणच भाव लावून आपणच घेतली, म्हणून काउंटरवरचे जुने सोबतीही चेष्टा करू लागले. पण बाईंचा हिशेब पक्का होता. या धंद्यात वस्तूची किंमत म्हणजे कुणीतरी पावती घेऊन मोजलेली शेवटची रक्कम. रस्त्याकडेच्या मिस्त्रीने घडवलेल्या हत्याराला तोवर अशी पावतीच नव्हती. आता एक झाली.

शेठनी पुन्हा बोलावलं नाही. त्यांनी भावाकडचा मालही बंद केला आणि भावाने बहिणीशी बोलणं. रस्त्यात समोरासमोर आले तर तो फोन कानाला लावायचा. सात महिने असे गेले. मग एक दिवस तो दारात आला, पिशवीतून व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचं एक हत्यार काढून टेबलावर ठेवलं. "माळ्यावर सापडलं. बाबांचंच आहे. विकणार नाहीये, फक्त लिहून ठेव." चहा घेतला नाही, पण बसला. भांडण मिटलं असं काही कुणी म्हटलं नाही.

पावतीची बातमी मात्र चेष्टेच्या रूपानेच दूरवर गेली आणि माणसं येऊ लागली. एका मिस्त्रीची विधवा गोणीभर हत्यारं घेऊन आली. भंगारवाल्याने गोणी पायाने ढकलून बघितली होती. त्यात पाण्याच्या पाइपाची केलेली ग्रीसगन होती, कंपनीच्या ग्रीसगनपेक्षा नळी एक वीत लांब. "एवढी लांब कशाला?" सूतबाईंनी विचारलं. "ह्यांची पाठ धरायची," ती म्हणाली. "वाकता यायचं नाही." बाईंनी घडवणाऱ्याचं नाव विचारून घेतलं आणि तेही कारण कागदावर लिहिलं.

आता भांडण आहे ते जुन्या हत्यारांची नोंद ठेवणाऱ्या संग्राहकांच्या संघाशी. त्यांच्या छापील फॉर्मात 'कंपनी' असा एकच रकाना आहे. सूतबाई त्याच्याशेजारी पट्टी धरून पेनाने दुसरा रकाना आखतात, वर लिहितात 'घडवणारा', आणि फॉर्म पाठवतात. संघ परत पाठवतो. एकदा संघाच्या सचिवांचा फोनच आला. "बाई, स्वतःच्या वडिलांची वस्तू स्वतः घेऊन तुम्हीच भाव चढवलात. हे काही खरं मूल्यांकन झालं नाही."

"शेठ स्वतःच्या वस्तूला माझ्याकडून अस्सल लिहून घेणार होते, ते चाललं असतं तुम्हाला?"

सचिव म्हणाले, नियमात तो रकाना नाही.

"नसू दे," त्या म्हणाल्या. "मी आखते. मला रोज वेळ आहे."

ग्रीसगनचा फॉर्म आतापर्यंत तीनदा परत आलाय. चौथा मागच्या आठवड्यात टपालात पडला.