बेनीसरांचं चौथं धनुष्य

बेनेडिक्ट सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फरशीवर पालथे पडले होते. मी नऊ वर्षांची होते. तान्हेपणी पोलिओ झाल्यामुळे माझा डावा पाय बारीक आणि आखूड राहिला होता. त्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि खाली उंच तळाचा बूट, अशा थाटात आईने मला लालबागहून परळच्या इस्पितळात आणलं होतं. "चेडू खूप लंगडता ओ," आईने तक्रार केली. पांढऱ्या कोटातले एक तरुण गृहस्थ म्हणाले, "चल बाय, त्या भिंतीपर्यंत जाऊन ये." आणि मी निघाले तसे ते सरळ जमिनीवर आडवे झाले, फरशीला गाल टेकून माझ्या बुटाकडे बघत राहिले. मला वाटलं, यांना घेरी आली.

मग उठून कोट झटकत ते आईला म्हणाले, "बाय नाय लंगडत. बूट लंगडतोय. बूट आम्ही बनवलाय, म्हणजे चूक आमची."

आईला ते पटलं की नाही, ठाऊक नाही. मला मात्र ते तिथल्या तिथे पटलं आणि आजतागायत पटलेलं आहे. इस्पितळातल्या सरांच्या कृत्रिम अवयवांच्या विभागात माणसाविषयी 'लंगडा' हा शब्द उच्चारायला बंदी होती. लंगडायचा तो बूट, पट्टा, फार तर कृत्रिम पाय. नवशिका कुणी चुकून बोललाच, तर सर शांतपणे विचारत, "कोण?" तेवढं पुरायचं.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कामाविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. संपादकांनी माझ्याकडे 'सरांचा छंद' हा विषय सोपवला आहे. तो सरांना कळला तेव्हा ते नाराज झाले. "छंद कसला? मला एक गोष्ट कळत नव्हती, ती बघत होतो." माझगावच्या आपल्या राहत्या घराच्या गॅलरीत निवृत्तीनंतर सरांनी लाकडाचे थर चिकटवून माणसाच्या उंचीची इंग्रजी पद्धतीची धनुष्यं बनवली, याला छंद म्हणायचं नसेल तर काय म्हणायचं, हे वाचकांनीच ठरवावं.

पण त्याआधी सरांची शिकवण्याची पद्धत सांगायला हवी, कारण धनुष्याचा सगळा मामला तिच्यावरच उभा आहे. याच कामाचं शिक्षण पुरं करून मी सरांच्याच हाताखाली कामाला लागले. मोजमाप घेता येऊ लागलं तशी मला शंका आली, की माझ्या दोन पायांतली तूट बुटाने पुरती भरून काढलेलीच नाही. थोडी शिल्लक आहे. इतकी वर्षं सरांच्या हे लक्षात कसं आलं नाही? मी विचारलं. सर म्हणाले, "मग भर ना. कॉर्कचा थर लाव आणि चालून बघ." मी थर लावला. उभी राहिले तर काय सुंदर, दोन्ही खांदे एका रेषेत. आणि चालायला गेले तर प्रत्येक पावलाला बुटाचं टोक जमिनीला घासायला लागलं, विभागाचा उंबरठा ओलांडताना तर मी दाराची चौकटच धरली. कॅलिपरमध्ये गुडघा वाकत नाही, त्यामुळे पाय पुढे काढायला थोडी जागा ठेवावीच लागते. सरांना हे एका वाक्यात सांगता आलं असतं. "सांगितलं असतं तर तू मानलं असतंस," ते म्हणाले, "कळलं नसतं."

निवृत्त होता होता सरांच्या डोक्यात एक किडा शिरला. धावपटूंचे नव्या पद्धतीचे कृत्रिम पाय पातळ थर एकावर एक चिकटवून केलेले असतात. दाबले की वाकतात आणि सोडले की दाबलेलं सगळं बळ परत देतात. थर चिकटवल्यावर वस्तूला हा स्वभाव येतो कुठून? ती महागडी सामग्री घरी करता येण्यासारखी नव्हती. मग सर शोधत शोधत लाकडाच्या थरांपर्यंत आले आणि तिथून धनुष्यापर्यंत. धनुष्यांमध्येही इंग्रजी धनुष्यच का, तर ते सगळ्यांत साधं. ना टोकाला वळण, ना मधे खाचाखोचा. दोरी काढली की जवळजवळ सरळ काठी. "साध्या वस्तूत लपायला जागा नसते. चूक असली तर दिसते," असं सरांचं म्हणणं.

मग दर रविवारी माझी माझगावची वारी सुरू झाली. सरांच्या पत्नी फिलोमिना, म्हणजे आमच्या फिलूआंटी, दार उघडतानाच सांगत, "आत जा. तुझा सर लाकडाला बँडेज करतोय." ते खरंच होतं. तीन जातींच्या लाकडांच्या लांबलचक पट्ट्या गोंद लावून साच्यावर ठेवायच्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या फितीने, प्लास्टर गुंडाळतात तसं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत करकचून बांधायचं. या कामात मी तरबेज होते. जन्मभर दुसरं काय केलं? नावंही ओळखीची निघाली. धनुर्धराकडे असतं ते धनुष्याचं पोट आणि समोर असते ती पाठ. "शत्रूला पाठ दाखवूनसुद्धा जिंकतं, असं हे एकच बघ," सर म्हणाले आणि त्या विनोदावर दिवसभर खूश राहिले.

पहिल्या धनुष्याला सुताराचा पांढरा गोंद वापरला होता. ऐन जुलैतल्या दमट हवेत तो वाळलाच नाही आणि धनुष्याचे खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटले. दुसऱ्याच्या पाठीला बांबू हवा होता. गणपती उठल्यावर लालबागला मंडप सोडत होते, तिथून मीच एक दणकट बांबू मागून आणला. देवाच्या मंडपाचा बांबू, आमच्या मते याहून शुभ ते काय. धनुष्य वाकवताना तो बरोबर मध्यावर तडकला. मी चुटपुटत बसले. सर भिंग घेऊन तडा तपासत होते. "सापडलं! हे बघ, खिळ्याचं भोक. मंडपाचं कापड ठोकलं असणार." धनुष्य मोडल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हतं. कारण सापडलं की सरांचं नुकसान भरून निघतं. तिसरं मोडलं नाही, पण वाकलं ते वाकलंच, पुन्हा सरळ होईना. मधल्या थराचं लाकूडच आळशी होतं.

मधल्या थराला चिवट लाकूड हवं होतं. कुऱ्हाडीचे दांडे ज्याचे करतात ते धामणीचं लाकूड उत्तम, असं सरांच्या वाचनात आलं. धामण आमच्या कोकणात मुबलक. मी लगेच गावी मामांना फोन लावला आणि म्हटलं, "मामा, मला एक चांगली लांब धामण हवी आहे."

मामा म्हणाले, "धामण? कित्याक गो? उंदीर झाले काय चाळीत?"

धामण नावाचा सापही असतो आणि तो उंदीर खातो, हे त्या घाईत माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही हो, सरांना हवी आहे, माझगावला. सुकवून, पट्ट्या काढून."

"सुकवून?" मामांचा आवाज चढला. "आणि पोत्यात भरून धाडलंय तरी येष्टीवालो घेवचो नाय."

गैरसमज दूर झाल्यावर मामांनी गोठ्याच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडून असलेला धामणीचा वासा पाठवून दिला. सर ही गोष्ट अजूनही पाहुण्यांना सांगतात, आणि मामांचं म्हणणं चुकीचं कसं नव्हतं तेही समजावून देतात.

आता पोटाच्या थराला टणक लाकूड हवं. ते फिलूआंटींनी स्वतःहून काढून दिलं. त्यांच्या माहेरच्या शिसवी पलंगाची एक पाटी त्यांनी जपून ठेवली होती. पाटी सरांच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "बेनी, हे चौथं. अशी पाटी दुसरी नाय. हे मोडलं की गॅलरी माझ्या कुंड्यांना परत." सरांनी मान डोलावली. आणि त्याच दिवशी त्यांनी माझी उंची मोजली.

"बाय, हे तुझ्या मापाचं करतो."

मी नको म्हटलं. धनुष्य ओढायला दोन्ही हात लागतात आणि माझा उजवा हात काठीला बांधलेला. मोकळ्यावर काठीशिवाय उभं राहून जोर लावायचा, म्हणजे पडण्याला आमंत्रण. मी आयुष्यात चारचौघांत पुष्कळदा पडले आहे. पडण्याचं काही नाही, पण उचलायला धावून येणारे हात मला सोसत नाहीत. सरांना मी हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक. पण ज्याच्या मापाचं, त्यानेच पहिल्यांदा घालायचं. बुटाचा नियम. तू नाय ओढलंस तर भिंतीवर राहील." हा हट्ट नव्हता. सर खरोखर ते कायमचं भिंतीवर टांगून ठेवतील, हे मला माहीत होतं. आंटींची शेवटची पाटी, मामांचा वासा, सरांची इतकी वर्षं, आणि सगळं माझ्या दोन पायांवर येऊन थांबलेलं.

चौथं धनुष्य नीट चिकटलं. मग त्याला वाकायला शिकवायचं काम सुरू झालं. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीत आडवं बसवायचं, कप्पीवरून दोरी थोडी ओढायची, समोर उभं राहून दोन्ही बाजू कशा वाकतात ते बघायचं आणि जी बाजू ताठ असेल तिथे काचेच्या तुकड्याने पोट अगदी हलकं खरवडायचं. पुन्हा ओढायचं, पुन्हा बघायचं. सर दोरी माझ्या हातात देत आणि स्वतः डोळे बारीक करून उभे राहत. "उजवीकडे लंगडतंय," ते म्हणत. मी पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा दचकलेच. मग हसू आलं. माणसांची चाल बघण्यात आयुष्य काढलेल्या त्या नजरेला लाकडाची चालही तशीच दिसत होती.

होता होता एके दिवशी सर म्हणाले, "झालं." मी निरखून पाहिलं. धनुष्य उभं धरल्यावर जी खाली येते, ती बाजू वरच्या बाजूपेक्षा किंचित कमी वाकत होती. मी म्हटलं, "सर, अजून लंगडतंय. खालची बाजू ताठ आहे."

"ती तशीच ठेवायची. मूठ मध्याच्या खाली धरतात, बाण मुठीच्या वर बसतो. खालच्या बाजूवर भार जास्त येतो. दोन्ही सारख्या केल्या तर एक आधी पोचते, एक मागाहून, आणि बाण भरकटतो." त्यांनी काच खाली ठेवली. "सारख्या नकोत बाय. एकदम पोचायला हव्यात."

मला माझा बूट आठवला, आणि त्यात सरांनी जाणूनबुजून शिल्लक ठेवलेली तूट. घरी परतताना मी ठरवलं, ओढायचं.

गेल्या थंडीत परळच्या एका मैदानावर, जिथे मुलं तिरंदाजीचा सराव करतात, आम्ही तिघं सकाळीच गेलो. मी बुटाने जमीन चाचपली, पाय रोवले आणि काठी आंटींकडे दिली. काठीविना हलक्या झालेल्या उजव्या हाताने बाण दोरीला लावला. दोरी हळूहळू ओढू लागले. आता कडाड आवाज येणार, याची मी वाट बघत होते. लाकडाचा किंवा माझा. तेवढ्यात बाजूला कसलीशी हालचाल झाली. पंचाहत्तरीला आलेले सर गवतावर पालथे पडले होते, मातीला गाल टेकून.

"बेनी, उठवणार कोण तुला?" आंटी म्हणाल्या.

दोरी गालाला लागली. आवाज आला नाही. धनुष्य वाकलं होतं आणि मी उभी होते. मान न वळवता मी विचारलं, "सर, लंगडतंय का?"

खालून शांतपणे प्रश्न आला, "कोण?"

मी बाण सोडला. तो लक्ष्याच्या मध्यावर वगैरे लागला नाही, खालच्या कडेला रुतला. पण सरळ गेला. मग मी धनुष्य आंटींच्या हाती दिलं आणि काठी परत न घेताच सरांना हात देऊन उठवलं. त्यांनी माझ्या हातावर पुरता भार टाकला, काही न विचारता. इतक्या वर्षांत मला उचलायला पुष्कळजण धावले. माझ्या आधाराने उठणारे सर पहिलेच.

घरी जाण्यापूर्वी सरांनी धनुष्याची दोरी उतरवली. काम झालं की दोरी उतरवायची, नाहीतर लाकूड थकतं, हा नियम ते लाकडाला पाळायला लावतात, स्वतः पाळत नाहीत. तो त्यांनी आता स्वतःलाही लावून घ्यावा, दुपारी तासभर पडावं आणि पडणं फरशीवर पालथं नसावं, अशी आम्हा सर्व शिष्यांची आणि विशेषतः आंटींची विनंती आहे. त्यांचे डोळे असेच बारीक होत राहोत, आणि बघण्यासारखं काही ना काही त्यांना रोज मिळत राहो.

आणखी एक निरोप आहे. धामण मुंबईला पोचली आणि वाकलीसुद्धा, हे ऐकून मामांनी परसात तिचं एक रोप लावलं आहे. पाचव्या धनुष्यासाठी, सरांच्या नावाने. ते कधी कापण्याजोगं होईल, असं मी विचारलं, तर मामा म्हणाले, "सरांका सांग, घाई करू नका. अजून माझ्या गुडघ्याएवढा हा."