कणगीतली सीताफळं
बीडच्या बसस्टँडबाहेर गाड्यावर नव्या जातीची थोराड सीताफळं असतात, गोड पण बिनवासाची. काल मात्र एका पाटीत डोंगरातली गावरान दिसली, बारकी, बियांनी भरलेली, आणि त्या वासाने मला दसऱ्यानंतरच्या एका सकाळपाशी नेलं. आईबाप ऊसतोडीला निघाले होते, दारात ट्रक उभा होता आणि मी आईचा पदर सोडत नव्हते. तिनं बांधावरची चार-पाच हिरवीगार, गच्च मिटल्या डोळ्यांची फळं तोडून ज्वारीच्या कणगीत पुरली नि म्हणाली, "रडू नगं. ही पिकली की आमी आलोच बघ." मी चुलतीकडे राहिले. रोज कणगीत हात घालून फळं दाबायचे. ती दगडासारखी लागायची, म्हणून आई आली नाही याचा मला राग यायचा नाही. काळी पडून वाळली तरी मी ती चुलतीला फेकू दिली नाहीत. आई गुढीपाडव्याला आली. काल पाटीवाला म्हणाला, "ताई, डोळे उघडलेलंच घ्या. मिटलेलं तोडलं तर जल्मात पिकत न्हाई." मला कशाला सांगतो? सीताफळाचा डोळा आमच्या गावात माझ्या आईइतका कुणालाच कळत नव्हता.