तिच्या संदर्भसूचीत माझं नाव

डहाणूच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आम्हाला लेखनाचा एक तास असायचा. मॅडम अभ्यासपूर्ण लेखांच्या झेरॉक्स वाटायच्या. आपण तो लेख वाचून दोन पानी प्रतिसाद लिहायचा, मग वह्यांची अदलाबदल करायची आणि एकमेकांच्या चुका लाल पेनानं दाखवायच्या. मला तो तास भारी आवडायचा. दुसऱ्याचं चुकलेलं काढायचं आणि वर आपणच शाबासकी घ्यायची, आणखी काय पाहिजे? नियम एकच होता, पुराव्याशिवाय काही लिहायचं नाही.

दिवाळीनंतर चिकूच्या बागांतल्या मजुरीवरचा लेख आला आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नरपडला आमची चिकूची बाग आहे. झाडावरून पडलेल्या मजुराची नोंद कुणी ठेवत नाही आणि दोष मात्र त्याच्याच माथी मारतात, असं लेखात होतं. मी प्रतिसादात लेखकाला सोलून काढलं. नोंदच नाही, तर तुम्हाला कळलं कुठून? मॅडमनी माझी दोन्ही पानं वर्गात वाचून दाखवली. मी टेचात बसले होते.

मग वह्या बदलल्या आणि माझ्याकडे वेवजी गावच्या एका मुलीची वही आली. ती वसतिगृहात राहायची आणि वर्गात माझ्याच बाकावर बसायची. तिचा बाप पूर्वी आमच्या बागेत चिकू तोडायला यायचा. हे दोघींनाही माहीत होतं, पण आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो.

तिनं लिहिलं होतं, ‘माझे बाबा नरपडच्या एका बागेत झाडावरून पडले. त्यांची कंबर गेली. ते प्यायले होते असं बागवाले सांगतात. ते प्यायले नव्हते. फांदी पोकळ आहे असं त्यांनी सांगितलं होतं, तरी त्यांना वर चढवलं.’

मी समासात लिहिलं, ‘संदर्भ नाही. ऐकीव माहिती.’ आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आता लपवून काय मिळवायचंय? ती फांदी मी पाहिली होती. मी सहावीत होते, रविवार होता. सकाळी मागच्या दारी तिच्या बापाला चहा मीच दिला होता आणि त्याच्या तोंडाला दारूचा वास अजिबात नव्हता. बाकीचे गडी बागेच्या पार पलीकडच्या टोकाला होते. तो म्हणाला, “शेठ, ही फांदी आतनं खाल्लीय.” पप्पा म्हणाले, “चढ रे, नखरे नकोत.” तो चढला आणि फांदीसकट खाली आला. संध्याकाळपर्यंत आमच्या घरात ठरून गेलं की गडी पिऊन चढला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत मीही तेच सांगितलं. तसं सांग म्हणून मला कुणी म्हटलंसुद्धा नव्हतं.

तास सुटल्यावर तिनं मला जिन्यात गाठलं.

“बाबा म्हणतो, शेठची पोरगी तिथंच उभी होती, तिला विचार. ती खरं सांगेल.” मग म्हणाली, “मॅडमच्या सहीची वही त्याला वाचून दाखवायचीय. तो प्यायला नव्हता, एवढं एकदा कागदावर येऊ दे. तू फक्त हो म्हण.”

“मला काही आठवत नाही,” मी म्हटलं. “आणि हे घरचं रडगाणं कॉलेजात कशाला आणतेस? मार्कांसाठी?”

मला तिचा संताप आला, अजूनही येतो. कुणी सांगितलं होतं त्या बापलेकीला माझ्यावर विश्वास टाकायला?

तिनं मॅडमना विचारलं, माणूस संदर्भ म्हणून चालतो का? मॅडम म्हणाल्या, डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर चालतो, नाव-गाव दे. पुढच्या आठवड्यात तिनं प्रतिसाद पुन्हा लिहून दिला. शेवटच्या संदर्भसूचीत माझं पूर्ण नाव होतं, पुढे नरपड, आणि त्यापुढे ‘प्रत्यक्षदर्शी’.

मॅडमनी मला भर वर्गात उभं केलं. “हे खरं आहे का? तू तिथे होतीस?”

पप्पांना वाचवायचं होतं असं म्हणायला सोपं आहे, पण पप्पा तेव्हा माझ्या मनातही नव्हते. माझी ती दोन पानं वर्गात वाचली गेली होती, ती खोटी पडू द्यायची नव्हती. शेजारी बसलेली ती मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि मी हो म्हणणार याची तिला खात्री होती. आठवत नाही म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

“नाही, मॅडम. मी त्या दिवशी घरी नव्हतेच. मामाकडे होते.”

खोटा संदर्भ देणं ही मॅडमच्या लेखी सगळ्यात मोठी चोरी. त्यांनी तिला शून्य दिलं आणि सगळ्यांसमोर माझी माफी मागायला लावली. ती उभी राहिली. चार महिने ती मला ‘अगं’ म्हणत होती, माझ्या डब्यातलं खात होती. आता खाली बघून म्हणाली, “चुकलं, ताई.” तोडणीला आलेली माणसं आमच्या अंगणात मला अशीच हाक मारायची.

“असू दे,” मी म्हटलं आणि लाल पेन घेऊन तिच्या वहीतलं माझं नाव खोडलं.