निळ्या वह्या

धाकटे,

परवा तुझ्याकडे आले तेव्हा तू तुमच्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहीत बसली होतीस. गच्चीची गळती, जिन्यातले दिवे, ठराव सर्वानुमते मंजूर. मी म्हटलं, "इथेही तूच?" तर म्हणालीस, "ते म्हणाले, तुम्हाला सवय आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे बोलले नाही, चहा घेतला आणि निघाले. आता कागदावर बोलते, म्हणजे तुला मध्येच विषय बदलता येणार नाही.

पंपांच्या कारखान्यात व्यवस्थापनाच्या पहिल्या बैठकीला बसलीस तेव्हा तू चौतीस वर्षांची होतीस. लांबलचक टेबल, नऊ पुरुष आणि दहावी तू. थोरल्या साहेबांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं आणि इतिवृत्ताची वही तुझ्याकडे सरकवली. "बाईंचं अक्षर चांगलं असणार." कुणाचंही अक्षर तपासलं नव्हतं. घरी येऊन तू हसत सांगितलंस, "ताई, आत शिरले ना? मग वही तर वही." मीही हसले.

ती वही पुढं सव्वीस वर्षं तुझ्याकडेच राहिली. तू विभागप्रमुख झालीस, उपाध्यक्ष झालीस. कारखान्यात कॉम्प्युटर आले, तरी इतिवृत्त हातानंच लिहायचं हा थोरल्या साहेबांचा हट्ट, आणि लिहायचं तूच. बाकीचे खुर्चीत रेलून, हातवारे करत बोलायचे. तू लिहिता लिहिता बोलायचीस, त्यामुळे मान कायम खाली. तुला ते चित्रगुप्त म्हणायचे. "चित्रगुप्त, आमचं नीट लिहा हं, नाहीतर नरकात धाडाल!" की सगळे खो खो हसणार.

आणि तू नीटच लिहायचीस. तिथेच माती खाल्लीस. इतरांचं नावानिशी: अमक्यांनी मुद्दा मांडला, तमक्यांनी दुजोरा दिला. स्वतः काही सुचवलंस की मात्र नुसतं "असे ठरले". आपल्याच हातानं आपलं नाव काय लिहायचं, लाज वाटते, म्हणायचीस. बक्षीस मिळालं तरी आपण होऊन सांगत सुटायचं नाही, असं शाळेत असताना तुला मीच बजावलं होतं.

ओतशाळेचंच बघ. दर सात पंपांमागे एकाचं बिडाचं कवच तडकत होतं. विक्रीप्रमुख म्हणत होता, ओतशाळा विकून टाका, कवचं बाहेरून घ्या. तू आठ दिवस भट्टीपाशी उभी राहिलीस, भुवया भाजून घेतल्यास, आणि बैठकीत सांगितलंस की साचे घाईनं उघडतात, तासभर थांबा. ते थांबले. तडे बंद झाले, ओतशाळेतल्या तीनशे माणसांच्या नोकऱ्या टिकल्या. इतिवृत्तात काय? "साचे तासभर उशिरा उघडावेत, असे ठरले." पुढच्या महिन्यात विक्रीप्रमुखानं त्याच गोष्टीचे फायदे रंगवून सांगितले. ते मात्र तू त्याच्या नावासकट अर्धं पान भरून लिहिलंस.

मग थोरले साहेब निवृत्त व्हायला आले. मुख्याधिकारी कोण होणार, तर उरलात दोघंच, तू आणि तो विक्रीप्रमुख. तुला ती खुर्ची हवी होती. आता "मला काय त्याचं" म्हणू नकोस. माझ्या ओट्याला टेकून म्हणाली होतीस, "ताई, मला एकदा टेबलाच्या त्या टोकाला बसायचंय. तिथून वही दुसऱ्या कुणाकडे तरी सरकवायचीय."

निवडीला बाहेरचे तिघे नेमले. मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी तू कंपनीच्या परगावच्या कारखान्यातून फोन केलास.

"ताई, त्यांनी दहा वर्षांची इतिवृत्तं मागवलीत."

"मग बरंच आहे की."

"बरं काय! माझं नाव फक्त हजेरीच्या यादीत आहे गं."

बैठकीत तू टिपणं घ्यायचीस त्या कच्च्या वह्या, निळ्या पुठ्ठ्याच्या, माझ्या पोटमाळ्यावर खोक्यात होत्या, तुझ्या घरी जागा नाही म्हणून. त्यांत कोण काय बोललं ते जसंच्या तसं, तुझं "मी" म्हणून. "उद्या अकराच्या आत गेटवर आणून देशील? मी इथून थेट तिथेच पोचते."

मी काय म्हटलं? "वह्या काय नाचवायच्या त्यांच्यापुढे? तीस वर्षं राबलीस, ते दिसत नाही त्यांना? ताठ मानेनं जा."

तू "बरं" म्हणालीस. मला वाटलं, पटलं.

त्या तिघांतल्या एकानं पानं चाळून विचारलं, "बाई, यात तुमचं स्वतःचं काही दिसत नाही." तू म्हणालीस, "हे सगळं मीच लिहिलंय." तो म्हणाला, "हो, अक्षर फार सुंदर आहे."

खुर्ची विक्रीप्रमुखाला मिळाली. पहिल्याच बैठकीत त्यानं वही तुझ्याकडे सरकवली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तू ती घेतलीस. "नव्या मुख्याधिकाऱ्यांचे अभिनंदन करण्यात आले." दोन वर्षांनी तुला निरोप दिला तेव्हा भेट काय, तर पेन.

वह्या दाखवल्या असत्या तर खुर्ची मिळाली असती? नाही वाटत मला. खासगी वह्या काय, मागाहूनही लिहिता येतात, असं म्हणून बाजूला सारल्या असत्या. त्यांचं आधीच ठरलेलं होतं, असंच मला दिवसेंदिवस वाटतं. पण तू मागितल्या होत्यास, आणि आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

निकाल लागला त्या संध्याकाळी तू आलीस, चपला न काढता दारातच उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ताई, ते खोकं रद्दीत देऊन टाक." मी "हो" म्हटलं. त्यानंतर रद्दीवाला किती वेळा येऊन गेला. खोकं पोटमाळ्यावरच आहे, तू बांधलेल्या सुतळीसकट. माझे गुडघे आता शिडी चढत नाहीत, कुणाला तरी बोलवायला हवं. अजून बोलावलेलं नाही.